फ्रीमँटलकडे निघण्याआधी

गोव्याहून फ्रीमँटल म्हणजे महिना-दीड महिन्याची वाट, पोरी. २०१७ साली जगप्रदक्षिणेसाठी 'तारिणी' ही शिडाची बोट १० सप्टेंबरला निघाली ती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथे लागली. मध्ये ना दुकान, ना मिस्त्री. म्हणून नीट ऐक.

वादळापेक्षा घासणं बोटीला जास्त खातं. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या टोकाला पुलीवर टेकलेला असतो आणि लाटेगणिक तिथेच कणकण झिजतो. रोज तो चार बोटं सैल सोड किंवा ओढून घे, म्हणजे ताणाची जागा बदलते. शीड जिथे काठीला किंवा तारांना घासतं, तिथे निघायच्या आधीच ठिगळ लावून घे. भर वाऱ्यात फाटलेलं शीड शिवणं फार जिवावर येतं.

उजाडलं की हार्नेस अडकवून नाळेपासून सुकाणूपर्यंत फेरी मार. घाई करू नकोस. प्रत्येक शॅकल हाताने चाचपून बघ, मग दुर्बिणीने डोलकाठी वरपर्यंत न्याहाळ. डेकवर एखादी स्प्लिट पिन किंवा नट सापडला, तर तो कुठून निसटला हे कळेपर्यंत दुसरं काम हाती घ्यायचं नाही. सुकाणूच्या बोल्टांकडे आणि जोडांकडे तर रोज बघायचंच. २०१८ मध्ये त्याच प्रदक्षिणेच्या परतीच्या वाटेवर सुकाणूच्या बिघाडापायी 'तारिणी'ला मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावं लागलं होतं; ते बंदर मूळ बेतात नव्हतं. रात्री बंकवर पडलीस की कान उघडे ठेव. नवा आवाज आला तर उठायचं.

बिल्जमध्ये पाणी दिसलं तर थेंबभर जिभेला लावून बघ. खारट असेल तर समुद्र आत येतोय, गोडं असेल तर टाकी गळतेय. बुडाच्या प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली हवी.

खाऱ्या पाण्याने भिजलेले कपडे आत झोपायच्या जागी नेऊ नकोस. मीठ हवेतली ओल ओढतं, ते कपडे वाळतच नाहीत आणि अंगावर फोड उठतात. विषुववृत्ताजवळ पावसाच्या सरी मिळतील. शिडाखाली बादली धर, पण शिडावरचं मीठ धुऊन येणारं पहिलं पाणी सोडून दे.

पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाक, त्यांतून झुरळांची अंडी येतात. कोंबडीची अंडी न धुतलेली घे, व्हॅसलिन चोळ आणि दिवसाआड उलटी कर. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत टांग. आगळ भरपूर ने. स्वयंपाक करताना ऑइलस्किनची पँट चढवलेलीच हवी, कारण बोट हेलकावली की उकळतं पाणी मांडीवर येतं.

शीड कमी करावं का, असं मनात आलं की लगेच कमी कर, आणि अंधार पडायच्या आधी तर नक्कीच. पहारा बदलताना दहा मिनिटं आधी वर ये, डोळे अंधाराला सरावू देत. खाली जाणाऱ्याने वारा, दिसलेली जहाजं आणि बॅरोमीटर सांगितल्याशिवाय त्याला सोडू नकोस. झोप मिळेल तेव्हा घे. दमलेला माणूस गाठ चुकतो.

आणि एक वही ठेव. काय झिजलं, काय घट्ट केलं, कुठे ठिगळ लावलं, सगळं तारखेनिशी लिही. फ्रीमँटलला दुरुस्तीवाल्याच्या हातात सगळ्यात आधी ती वही दे.