स्वार घोड्यावर ‘चिकटवलेला’ का दिसतो?

प्रश्न : मंडळाच्या देखाव्यासाठी टॅबवर चौखूर धावणाऱ्या घोड्यावरचा तिरंदाज काढतोय. घोडा जमला, पण स्वार वरून चिकटवल्यासारखा वाटतो. काय चुकतंय? – एक वाचक, लालबाग

उत्तर : बहुधा तुम्ही जमिनीवरचा तिरंदाज उचलून खोगिरावर ठेवलाय. आधी कंबर काढा, धनुष्य शेवटी. भरधाव घोड्यावर तिरंदाज रिकिबीत पाय रोवतो, गुडघे वाकवतो आणि बूड खोगिरापासून जरासं उचलतो. धक्के गुडघे खातात, खांदे स्थिर राहतात. महालक्ष्मीला रेसच्या दिवशी जॉकींचे गुडघे बघून या. त्यांच्या रिकिबी मात्र फार आखूड. तुमच्या स्वाराच्या खाली सोडा. राणीच्या बागेत १९६५ साली हलवलेला मूळ ‘काळा घोडा’ पुतळाही पाहा, पण घोड्याच्या अंगासाठी, वरच्या राजेसाहेबांची बैठक संथ आहे, तुमच्या कामाची नाही.

दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले, म्हणजे लगाम गाठ मारून मानेवर सैल. धनुष्य आखूड हवं, पुरुषभर उंच धनुष्य घोड्याच्या मानेला अडेल. दोरी अंगठ्याने ओढली असेल, तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो. इथे बरेच जण फसतात.

घोड्याचे पाय पुढे-मागे फाकवू नका. छायाचित्रकार मायब्रिजच्या धावत्या घोड्याच्या १८७८च्या छायाचित्रांत चारही टापा हवेत असताना पाय पोटाखाली गोळा झालेले दिसतात. तोच क्षण धरा. आणि स्वाराच्या मांडीची सावली खोगिरावर पाडायला विसरू नका; निम्मा चिकटवलेपणा तिथेच जाईल.