जुन्या वस्तूची पारख

मुलांनो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचे वजिराबाद, वापरलेला मोबाइल विकत घेताना केवळ त्याच्या चकाकीवर भुलू नये. मोबाइलला १५ अंकी ओळखक्रमांक असतो. *#०६# दाबताच तो पडद्यावर उमटतो. खोक्यावरील व पावतीवरील क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे. तो काळ्या यादीत आहे की काय, हे केंद्र शासनाने २०२३ साली सुरू केलेल्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते. मग पडद्यावरील चरे, सैल कळा व फुगलेली बॅटरी तपासावी. चरे वस्तूची झीज सांगतात. क्रमांक तिची ओळख सांगतो. क्रमांक जुळत नसेल, तर वस्तू कितीही स्वस्त मिळो, ती घेऊ नये. ती कोणाच्या तरी कष्टाची, चोरीस गेलेली वस्तू असू शकते.