परक्या शहरातील वाट

आपल्या गावात एखाद्याचे घर शोधणे फारसे अवघड नसते. मुरुडच्या बाजारात कोणाचेही नाव घेऊन विचारले, की चार माणसे वाट सांगावयास पुढे येतात. "देवळाला वळसा घाला, लिंबाच्या झाडापुढचे तिसरे घर," एवढे सांगितले, की काम होते. तेथे वाटेची माहिती माणसांच्या ध्यानात असते. परंतु जेथे लाखो लोक राहतात आणि शेजाऱ्याची शेजाऱ्याशी ओळख असेलच असे नाही, त्या महानगरात ही माहिती कोठे असते? ती पाट्यांवर, घरांच्या क्रमांकांत आणि नकाशांत असते. ती वाचावयास शिकलेला प्रवासी परक्या शहरातही निर्धास्तपणे फिरतो. लंडन शहराच्या उदाहरणाने ही गोष्ट समजून घेऊ.

टेम्स नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या या शहराशी आपल्या भागाचा जुना संबंध आहे. १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बार्शी लाईट रेल्वे कंपनीचा अरुंद लोहमार्ग १९११ मध्ये मुरुडवरून लातूरपर्यंत पोहोचला. आज त्या जागी रुंद लोहमार्ग आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये लंडनमध्ये राहिले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे उच्च शिक्षण घेतले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते तासन् तास वाचीत बसत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले व तेथे स्मारक केले. समजा, ब्रिटिश म्युझियम पाहून आपल्याला त्या घरी जावयाचे आहे. कसे जावे?

यासाठी भुयारी रेल्वे सोयीची आहे. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्येच १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. त्या वेळी भुयारातूनही वाफेची इंजिने धावत आणि डब्यांत धूर कोंडे. १८९० मध्ये खोल भुयारातून विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, तेव्हापासून हा त्रास सरू लागला. आज तेथे अकरा मार्ग व अडीचशेहून अधिक स्थानके आहेत. प्रत्येक मार्गाला स्वतःचे नाव आणि नकाशात स्वतःचा रंग आहे.

या नकाशाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. पूर्वीच्या नकाशांत रेल्वेचे मार्ग प्रत्यक्षात जसे होते, तसे वेडेवाकडे दाखवीत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्थानकांच्या नावांची एकच दाटी होई. १९३१ मध्ये आराखडे काढण्याचे काम करणाऱ्या हॅरी बेक याने एक निराळाच नकाशा तयार केला. त्याने सर्व मार्ग उभ्या, आडव्या व तिरप्या सरळ रेषांनी दाखविले आणि स्थानके जवळपास समान अंतरावर मांडली. प्रवाशाला भुयारात असताना वरचे रस्ते दिसत नाहीत. कोठे चढावे, कोठे गाडी बदलावी आणि कोठे उतरावे, एवढेच त्याला हवे असते, हे बेकने ओळखले. प्रथम त्याचा नकाशा नाकारण्यात आला. परंतु १९३३ मध्ये तो छापून वाटला, तेव्हा लोकांना तो फार आवडला. आजही नकाशाची तीच पद्धत चालू आहे.

आता आपण त्याच नकाशाच्या आधाराने निघू. म्युझियमपासून टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानक जवळ आहे. तेथून काळ्या रंगाने दाखविलेल्या नॉर्दर्न मार्गाने उत्तरेकडे जावयाचे व चॉक फार्म येथे उतरावयाचे. स्थानकात शिरताना यंत्राला कार्ड टेकवावे व बाहेर पडतानाही आठवणीने टेकवावे. नाहीतर जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र चढतानाच टेकवावे लागते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभे राहावे, म्हणजे घाईत असलेल्यांना डावीकडून जाता येते.

फलाटावर आलेल्या पहिल्याच गाडीत मात्र चढू नये! हा मार्ग कॅम्डन टाऊन येथे दुभंगतो. एक फाटा एजवेअरकडे जातो, दुसरा हाय बार्नेटकडे. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर आहे. म्हणून गाडी कोठपर्यंत जाणार, हे फलाटावरील पाटीवर वाचूनच चढावे. चुकून दुसऱ्या गाडीत चढलात, तरी घाबरण्याचे कारण नाही. कॅम्डन टाऊनला उतरून योग्य गाडी धरावी.

स्थानकाबाहेर आल्यावर मात्र बेकचा नकाशा निरुपयोगी ठरतो. त्यात रस्ते नसतात आणि अंतरेही खरी नसतात. लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन या स्थानकांत जेमतेम पाव किलोमीटरचे अंतर आहे. नकाशावर ती इतर स्थानकांसारखीच दूर दिसतात, म्हणून पुष्कळ प्रवासी चालण्याऐवजी भाडे भरून भुयारात उतरतात! नकाशा खोटा असतो असे नाही. तो ज्या कामासाठी काढलेला असतो, तेवढेच काम करतो.

पायी चालणाऱ्यांसाठी लंडनच्या अनेक रस्त्यांवर निराळे नकाशे उभे केले आहेत. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातील नकाशात वर उत्तर दिशा असते. या नकाशांत आपले तोंड ज्या दिशेला असते, ती दिशा वर असते. त्यामुळे समोरचा रस्ता नकाशातही समोरच दिसतो. अशा नकाशावरून पाहत आपण लोहमार्गावरील पूल ओलांडतो आणि किंग हेन्रीज रोडला लागतो. तेथील बहुतेक रस्त्यांवर एका बाजूस सम व दुसऱ्या बाजूस विषम क्रमांकांची घरे असतात. हे ठाऊक असले, की दहा क्रमांकाचे घर शोधण्यास वेळ लागत नाही.

जेथे पाटीही नाही आणि नकाशाही नाही, तेथे काय करावे? वर्दळीतून बाजूस होऊन उभे राहावे आणि दुकानदाराला, पोलिसाला किंवा रेल्वेच्या कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आपल्यापाशी ठिकाणाचे नाव लिहिलेला कागद असावा, म्हणजे उच्चार चुकला तरी काम अडत नाही. बरोबर मंडळी असतील, तर ताटातूट झाल्यास कोठे भेटावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेब या शहरात वावरले, तेव्हा बेकचा नकाशा जन्मालाही आला नव्हता. त्या अफाट शहरात त्यांनी ग्रंथालयाची वाट शोधली आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळविली. मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षणासाठी पुण्याला, मुंबईला किंवा लंडनलाही जाईल. त्याची तयारी आजच करता येईल. लातूरच्या बसस्थानकावर गाडीची पाटी स्वतः वाचा आणि गावाचा नकाशा स्वतः काढा. अनोळखी माणसाला घराची वाट नीट सांगता आली, म्हणजे परक्या शहरातील वाट शोधण्याचा पहिला धडा तुम्ही शिकलात.

शब्दार्थ : निर्धास्तपणे – भीती न बाळगता; बोधप्रद – शिकवण देणारे; दुभंगणे – दोन भागांत विभागणे; ताटातूट – एकमेकांपासून दुरावणे.

स्वाध्याय
१. हॅरी बेकने नकाशात कोणते बदल केले व का?
२. बेकचा नकाशा स्थानकाबाहेर निरुपयोगी का ठरतो?
३. कारणे द्या : पहिल्याच गाडीत चढू नये.
४. शाळेपासून तुमच्या घरापर्यंतचा नकाशा काढा. त्यात तुम्ही काय दाखविले व काय गाळले, ते लिहा.