शब्द दिला, पाळणार कोण?

जागतिक हवामान परिषदांच्या बातम्या आपण वाचतो. पण तिथे ठरते काय, हे समजून घेऊ या.

१९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांना बंधन घातले. उष्णता धरून ठेवणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू त्यांनी २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या मानाने एकंदर सुमारे ५ टक्क्यांनी कमी करायचे होते. अमेरिकेने या कराराला मंजुरी दिलीच नाही.

२०१५ साली पॅरिस येथे वेगळी वाट निवडली गेली. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची, शक्यतो १.५ अंशांवर रोखायची, हे ध्येय सर्वांचे; आपला वाटा मात्र ज्याने त्याने ठरवायचा आणि दर ५ वर्षांनी वाढवायचा. शब्द मोडला तर दंड नाही. म्हणूनच जवळजवळ सर्व देश त्यात आले, आणि हीच त्याची दुबळी बाजूही आहे.

याची झळ कोणाला? तुवालूसारख्या सखल बेटांना. त्यांनी हवा फारशी बिघडवली नाही, तरी समुद्र त्यांच्याच दारात येतो आहे. धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सांगितले, ते याचसाठी.

भारतानेही २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे. ज्या कराराला दंड नाही, त्याची राखण लोकांनीच करायची असते. मते मागायला येणाऱ्यांना आपण या शब्दाबद्दल कधी विचारतो का?