होडी अंगणात, पाणी तिघऱ्यात

ग्वाल्हेरात होडी बांधायची म्हटलं की मिस्त्री आधी विचारतो, "भाईसाहब, पानी कहाँ है?" प्रश्न रास्त आहे. स्वर्णरेखा नदीचा केव्हाच नाला झाला, आणि खरं पाणी गावाबाहेर तिघऱ्याच्या जलाशयात. तरी जयेंद्रगंजातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पुतण्याच्या हट्टापायी आम्ही आठ फुटी, सपाट तळाची होडी बांधली. ती तरंगली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिची साल निघाली आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. घरी होडी बांधणं तसं अवघड नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, एवढं आधी कळायला हवं.

लाकडावर वाचवू नका. प्लायवुडवर 'वॉटरप्रूफ' असा शिक्का मारायला कोणाचीच ना नसते. बघायचा तो आयएस 710 हा क्रमांक. या मरीन प्लायला 72 तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. आयएस 303 मधल्या बीडब्ल्यूआर प्लायला फक्त 8 तासांची. आम्हाला एका दुकानदाराने खात्रीने दिलेल्या प्लायचा तुकडा दुपारभर पातेल्यात उकळला, तर संध्याकाळपर्यंत त्याचे थर सुटे झाले. तेव्हापासून माझा नियम असा, की आधी तुकडा मागायचा, घरी उकळायचा आणि मगच ताव उचलायचे. सहा मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा ताव साधारण बारा किलो भरतो. एवढ्या होडीला असे दोन पुरतात.

फर्निचरच्या मिस्त्रीला होडी म्हणजे उताणं कपाट वाटतं. तो खिळे आणि पांढरा गोंद काढतो. त्याला थांबवा, कारण तो गोंद सतत पाण्यात राहण्यासाठी नसतो. फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या, आतून सांध्यात रेझिन आणि लाकडाच्या बारीक भुशाची लांबी भरायची, वरून काचेच्या कापडाची पट्टी चिकटवायची. इंग्लंडात 1962 साली आखलेल्या 'मिरर' नावाच्या होडीने ही रीत घरोघरी नेली आणि तशा हजारो होड्या लोकांनी घरीच बांधल्या. शिवलेली होडी आपल्याकडेही नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं, काथ्याने शिवलेलं 'कौंडिण्य' 2025 साली नौदलात दाखल झालं. आपली तार मोटार वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते.

आता रेझिन. आमचं सगळं इथेच बिघडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाजारात स्वस्त मिळतं ते पॉलिएस्टर. पाण्याच्या टाक्या, पत्रे यांना ते चालतं, पण लाकडाला त्याची पकड कच्ची असते. लाकूड पाण्याने फुगतं, उन्हाने आकसतं, आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत काचेचा थर पापुद्रा होऊन उठतो. इपॉक्सी कितीतरी महाग, पण लाकूड सोडत नाही. शिवाय पॉलिएस्टरचा एक धोका दुकानात क्वचितच कोणी सांगतं. त्याच्याबरोबर दोन बाटल्या येतात, एक जांभळट कोबाल्टची आणि एक पाण्यासारख्या दिसणाऱ्या हार्डनरची. या दोन्ही थेट एकमेकींत कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. इपॉक्सीलाही उन्हाळा सोसत नाही. बादलीभर कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धुरायला लागतं आणि बादलीतच दगड होतं. वाटी-वाटीने कालवा आणि पसरट ताटात ओता. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ते वाळायचं नाव घेत नाही, पावसाळ्यात लाकूडच ओलं. ग्वाल्हेरपुरतं सांगायचं तर दिवाळीच्या आसपासचे आठवडे किंवा फेब्रुवारी-मार्च, एवढेच दिवस या कामाचे.

किती माणसं बसतील याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस फूट तळ एक इंच बुडाला की सव्वादोन किलोच्या थोडं वर वजन पेलतो. पाण्यावर सहा बाय तीन फूट तळ टेकत असेल तर प्रत्येक इंचाला जवळजवळ बेचाळीस किलो. होडी पस्तीस किलोची, त्यात सत्तर किलोची दोन माणसं, म्हणजे ती चार इंच बुडणार. बाजू चौदा इंचाची ठेवली तर दहा इंच कोरडी राहते. तिसरा माणूस कागदावर बसतो, पण उभा राहून फोटो काढायला लागला की हिशोब कोलमडतो. त्याला किनाऱ्यावरच ठेवा.

होडी पाण्याने भरली तरी तळाला जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांच्या बाकांखाली बंद पोकळ्या हव्यात. त्यांत घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोल भरा. एक घनफूट थर्माकोल जवळजवळ अठ्ठावीस किलो उचलून धरतं. एकूण तीन घनफूट तरी असू द्या. पॉलिएस्टर रेझिन लागलं की थर्माकोल विरघळतं, हे लक्षात ठेवा. इपॉक्सीने तसं होत नाही.

पाण्याला वाट लागतेच किती! तिघऱ्याचं धरण 1916 साली पुरं झालं आणि ऑगस्ट 1917 मध्ये फुटलं, कारण पाणी पायाच्या वालुकाश्मात झिरपलं होतं. तेव्हा होडी पाण्यात नेण्याआधी पाणी होडीत ओता. अंगणात विटांवर ठेवून ती भरा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी खाली ओल दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. होडी बांधायचीही अंगणातच, कारण जुन्या घरांचे दरवाजे अरुंद असतात. आतल्या खोलीत बांधलेली साडेतीन फुटी होडी बाहेर काढायला चौकट फोडावी लागते. आमच्या होडीची रुंदी आम्ही अंगणाचा दरवाजा मोजूनच ठरवली होती, तेवढं एक बरं झालं.

तिघऱ्याचं पाणी शहराला प्यायला येतं. तिथे स्वतःची होडी घालण्याआधी धरणावरच्या अधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्या. चंबळेचा मोह तर नकोच. ते घडियाल आणि मगरींचं राष्ट्रीय अभयारण्य आहे. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातच बसा, होडी मुद्दाम उलटवा आणि पुन्हा चढता येतं का ते पाहा. आणि प्लायच्या आधी लाइफ जॅकेटं विकत घ्या, बसणाऱ्या प्रत्येकासाठी एक. त्यातच पैसे संपले, तर होडी पुढच्या वर्षी बांधा.