सरपंचबाईची सही

गावाला बाई सरपंच झाली, हे आता नवल राहिलेले नाही. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तेव्हापासून पंचायतीतल्या निदान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. २०११ साली आपल्या महाराष्ट्राने हा वाटा निम्मा केला. सरपंचाच्या जागाही निम्म्या बायकांना.

मग गाऱ्हाणे कशाचे? पुष्कळ गावांत बाईच्या खुर्चीवर तिचा धनी बसतो. लोक त्याला 'सरपंचपती' म्हणतात. कायद्याचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा, असे पद कोठे सापडायचे नाही.

पंचायतीचा पैसा काढायला दोन सह्या लागतात. एक सरपंचाची. दुसरी ग्रामसेवकाची, त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पूर्वी हे सारे चेकवर चाले. आता वित्त आयोगाचा पैसा डिजिटल सहीने जातो. ही सही म्हणजे बोटाएवढी एक वस्तू असते. ती संगणकाला लावायची, गुप्त आकडा दाबायचा, की पैसा गेला! नाव उमटते सरपंचबाईचे. आकडा कोणाच्या बोटाने दाबला, ते काही उमटत नाही.

पुढे हिशेबाची तपासणी होते. कागदावर रस्ता आणि गावात चिखल, असे निघाले तर नोटीस कोणाला येईल? बाईला. "यांनी सांगितलं तिथं मी सही केली," हे उत्तर तेथे चालत नाही. पद जाऊ शकते, पैसे भरायची पाळी येऊ शकते. धनी मात्र कोणत्याच कागदावर नसतो.

म्हणून ती वस्तू डागिन्यासारखी जपावी. गुप्त आकडा कोणाला सांगू नये, घरच्यांनासुद्धा. सहीआधी पाहावे, पैसा कोणाच्या नावाने चालला आहे? काम कोणते? सभेने त्याचा ठराव केला आहे का? अंकातली आणि अक्षरातली रक्कम एकच आहे ना? वाचायला वेळ लागला तर लागू द्या. अधिकारी थांबतील. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये.

पण बाईने हे वाचायचे कधी? पहाटे पाणी, शेणघाण, भाकरी, मग रान. सभा अकराला. समजा ती म्हणाली, "अहो, आज पोरांना तुम्ही वाढा. मला पंचायतीत जायचंय."

"मीच जाऊन येतो की! तू कशाला हेलपाटा घालतेस?"

ऐकायला गोड वाटते. खरी गोष्ट अशी, की त्याला खुर्ची हलकी वाटते आणि परात जड. हे काही जणांना झोंबेल, झोंबू द्या. मदतच करायची तर बाईला पंचायतीत पोचवून यावे आणि घरी येऊन चूल पेटवावी. त्याने कोणाची मिशी जळत नाही. सासूबाईंनीही त्या दिवशी सुनेला बोल लावू नये.

ही गोष्ट एकट्या सरपंचबाईची नाही. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. काही ठिकाणी ती वहीतच उरकतात. वही दारोदार फिरते आणि सह्या, अंगठे गोळा होतात. तुमच्या दारात अशी वही आली, तर आधी ती हातात घ्या. वर काय लिहिले आहे ते वाचा. मग विचारा, "सभा कोणत्या दिवशी झाली? कुठे झाली?"