समुद्रकाठचा कडा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथे बोसिग्रॅन या ठिकाणी ग्रॅनाइट खडकाची एक दातेरी धार अटलांटिक महासागराच्या काठावरून थेट वर चढत गेली आहे. ए. डब्ल्यू. अँड्र्यूज हे गृहस्थ आपल्या बहिणीसह १९०२ साली ती चढून गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कमांडो सैनिकांनी येथे चढाईचा सराव केला. म्हणून तिला ‘कमांडो रिज’ हे नाव पडले.

मुलांनो, जानेवारीतील एका सकाळी दोन मित्र या धारेच्या पायथ्याशी उभे आहेत, अशी कल्पना करा. दिवस जेमतेम आठ-नऊ तासांचा. खारा वारा अंगाला झोंबत आहे. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांनी आधीच पाहून ठेवल्या आहेत. कारण भरतीच्या लाटा पायथ्यावर आदळू लागल्या, की मागे फिरणे कठीण.

दोघांच्या कमरेला एकच दोर आहे. एक जण चढतो, तेव्हा दुसरा स्वतःला खडकाशी बांधून घेऊन दोर सांभाळतो. थोडे वर गेल्यावर पुढच्याच्या ध्यानात येते, की आपण खडक धरला आहे हे डोळ्यांना दिसते, पण बोटांना कळत नाही! थंडीत हृदयादी अवयवांची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांकडे रक्त कमी पाठविते. त्यामुळे बोटे बधिर होतात. असा हात केव्हा निसटेल, याचा नेम नसतो.

वर जाण्याची ओढ मोठी असते. तरीही तो आपली अडचण लपवीत नाही. “थांब! माझी बोटे बधिर झाली आहेत,” असे तो ओरडून सांगतो. एका रुंद पायरीवर स्वतःला खडकाशी बांधून तो हात काखेत धरतो. रक्त परतू लागते, तेव्हा अशा कळा येतात, की डोळ्यांत पाणी उभे राहते. खालचा मित्र घाई करीत नाही. दोर मात्र क्षणभरही सोडीत नाही. हळूहळू कळा ओसरतात, खडकाचा खरखरीत स्पर्श बोटांना पुन्हा जाणवतो आणि चढाई सुरू होते.

दिवस कलता कलता दोघेही माथ्यावर पोहोचतात. त्यांना दोराने तर तारलेच. पण वेळीच उच्चारलेल्या एका खऱ्या शब्दानेही तारले. आपली उणीव सोबत्याला सांगणे, हेही धैर्यच होय.

स्वाध्याय
१. थंडीत बोटे बधिर का होतात?
२. चढाईपूर्वी मित्रांनी भरती-ओहोटीच्या वेळा का पाहिल्या?
३. पुढच्या मित्राने आपली अडचण लपविली असती, तर काय झाले असते? पाच ओळी लिहा.